जुन्या रायफलीला फायबरचा दस्ता: दुकानात येण्याआधी वाचा

भात पोटरीला आलं की रानडुकरं कुणग्यात उतरतात, आणि आजोबांच्या नावावरून वडिलांच्या, वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर आलेली रायफल कपाटातून बाहेर निघते. मग दस्ता दिसतो. मनगटाच्या जागी, म्हणजे खटक्यामागे हाताने धरायच्या बारीक भागात, चीर, तळाला बुरशी, नळीला एका बाजूने चिकटलेलं फुगीर लाकूड. लगेच आम्हाला फोन येतो, "फायबरचा दस्ता मिळेल का?"

मिळेल. पण तुमच्या रायफलीला तो हवाच आहे का, हे आधी बघू. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं जुनंच लाकूड आम्ही दुरुस्त करून देतो. धंद्याच्या दृष्टीने हा शहाणपणा नाही, पण पन्नास-साठ वर्षं मुरलेलं अक्रोडाचं लाकूड उगाच काढून टाकायला आमचा हात धजत नाही.

मनगटाची चीर ताजी असेल, लाकूड कोरडं आणि टणक असेल, तर आत इपॉक्सी (घट्ट होऊन कडक बसणारा गोंद) भरून पितळी पिन घालता येते आणि तो सांधा पुढे वर्षानुवर्षं टिकतो. तेल प्यालेलं लाकूड मात्र वाचत नाही. आपल्याकडे रायफल कोपऱ्यात नळी वर करून उभी ठेवतात. नळीला आणि बोल्टला (काडतूस नळीत ढकलणारा, हाताने मागेपुढे होणारा दांडा) लावलेलं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपतं आणि ॲक्शनच्या (ज्या लोखंडी सांगाड्यात बोल्ट आणि खटका बसतात त्याच्या) मागे, जिथे प्रत्येक बाराचा धक्का बसतो, तिथलं लाकूड मऊ पडतं. नखाने दाबून बघा. नख रुतलं किंवा काळपट ओल वर आली, तर त्या लाकडात इपॉक्सी धरत नाही. त्यातून खोबरेल लावलेलं असेल तर आणखी पंचाईत. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे पौषातल्या पहाटे ते बोल्टमध्ये मेणासारखं बसतं आणि उरलेल्या वर्षात चिकट होत जातं. खोबरेल स्वयंपाकघरात असू द्या.

गावातल्या सुताराकडून फणसाचा किंवा सागाचा दस्ता करून घेतलेल्या रायफलीही आमच्याकडे येतात. काम कधी कधी इतकं देखणं असतं की बघत राहावं. पण सागवान पाण्याला खंबीर असलं तरी वारंवारच्या धक्क्याने रेषेत चिरू शकतं. सुताराने रेषा मनगटातून सरळ न्यायच्या ऐवजी आडवी घेतली असेल, तर तिथे तुकडा पडायला एक बार पुरे. असा दस्ता बदलाच, आणि त्याच्या जागी फायबरचा चालेल.

फायबरचा दस्ता काय करतो? लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीच्या वर. अशा हवेत लाकडी दस्ता नळीला एकीकडून दाबू लागतो आणि मे महिन्यात बरोबर लागणारी गोळी ऑगस्टमध्ये भलतीकडे जाते. फायबरच्या दस्त्याने हे जवळजवळ थांबतं. जवळजवळ म्हणायचं कारण, साच्यातले बरेच दस्ते नायलॉनचे असतात आणि नायलॉनही थोडं पाणी पितं. लाकडाच्या मानाने ते किरकोळ.

आणि काय करत नाही? लोखंडाचा गंज थांबवत नाही. आमची सगळ्यात जास्त भांडणं याच मुद्द्यावर होतात. दस्ता बाहेरून पुसला की कोरडा दिसतो, पण नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत शिरलेलं पाणी तिथेच उभं राहतं. लाकूड निदान ते शोषून घेत असे. खाऱ्या वाऱ्यात, खाडीकाठच्या घरात, बाहेरून नवीकोरी दिसणारी रायफल दोन पावसाळ्यांनी उघडली तर नळीच्या पोटाला खपल्या निघालेल्या आम्ही पाहिल्यात. म्हणून फायबर बसवल्यावर रायफलीची देखभाल कमी होत नाही, थोडी वाढतेच.

आता निवड. दस्ता फोटो बघून निवडू नका, लोखंड बघून निवडा.

आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसते ती आयुध कारखान्याची .३१५, म्हणजे सगळे जिला थ्री-फिफ्टीन म्हणतात ती. ब्रिटिशांनी लष्करी काडतूस सामान्य लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून वेगळा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं वेगळं माप, ठेवला, त्यातून ही आली. ॲक्शन ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. मागचा भाग ॲक्शनच्या मागच्या खोबणीत बसतो आणि दस्त्याच्या पोटातून जाणारा लांब बोल्ट (हा वेगळा, स्क्रूसारखा आवळायचा) त्याला आवळून धरतो. पुढचा भाग वेगळा. त्यामुळे या रायफलीला एकसंध दस्ता शोधण्यात वेळ घालवू नका, मागचा आणि पुढचा असे दोन भाग घ्यावे लागतात.

यातली खरी गोम पुढच्या भागात आहे. धक्का मागच्या दस्त्यावर येतो हे सगळ्यांना कळतं, पण पुढच्या भागाच्या मागच्या टोकाला, ॲक्शनच्या दोन्ही बाजूंना टेकणारे दोन छोटे पृष्ठभाग असतात. पुढचं लाकूड धक्क्याबरोबर जागेवर राहतं ते त्यांच्या आधाराने. दोन्ही बाजू सारख्या टेकल्या नाहीत तर निशाण जातं, आणि पुढे त्या टोकाला तडा जातो. साच्यातल्या स्वस्त पुढच्या भागात हे पृष्ठभाग नुसते गुळगुळीत ठेवलेले असतात, टेकतील तर टेकतील अशा हिशोबाने. आम्ही तिथे इपॉक्सी भरून बसवतो, आणि मजुरीचा मोठा वाटा त्या दोन बोटभर जागांसाठीच असतो.

याच घराण्यातल्या जुन्या लष्करी नमुन्यात, नंबर १ मार्क ३ मध्ये, आणखी एक सापळा आहे. मागच्या दस्त्याच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, जेणेकरून बोल्ट सैल होऊ नये. पुढचं लाकूड न काढता कुणी मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून बोल्ट फिरवला, तर पुढचं लाकूड उभं चिरतं. .३१५ उघडतानाही आम्ही तोच क्रम पाळतो: आधी पुढचं, मग मागचं. घरी 'जरा सैल करून बघू' म्हणणाऱ्यांसाठी हा परिच्छेद दोनदा वाचावा असा आहे.

जर्मन माउझर जातीच्या रायफली कमी आहेत, पण आहेत. त्यांचा दस्ता एकसंध, खालून दोन मुख्य स्क्रू. इथे 'माउझरचा दस्ता' एवढ्याने भागत नाही. काही नमुन्यांची ॲक्शन आखूड असते, दोन स्क्रूंमधलं अंतर चार-पाच मिलिमीटरने कमी भरतं आणि दस्ता बसतच नाही. लष्करी नळी पायऱ्यापायऱ्यांची, शिकारी नळी निमुळती. एकीसाठी कोरलेल्या नाळीत दुसरी घातली तर एक तर फट राहते किंवा नळी अडते. मागवण्याआधी आम्ही कॅलिपरने सगळं मोजून घेतो. तुम्ही फोनवर माप सांगू नका, रायफल आणा.

बाराबोअरच्या सिंगल बॅरल आणि डबल बॅरल बंदुकांसाठी आम्ही फायबरचं काम करत नाही. ठासणीच्या बंदुकांसाठी तर नाहीच.

वस्तू तीन प्रकारच्या येतात. पहिली साच्यात ओतलेली, काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची. स्वस्त, पावसाला चांगली, पण पोकळ, आणि पुढचा भाग हाताने दाबला तर वाकतो. तिच्यावर इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून आत खाचा पाडून पकड करावी लागते. दुसरी फायबरग्लासची, थर हाताने रचून आत फोम भरलेली. ताठ असते, इपॉक्सी तिला आपली मानते. किंमत दुप्पट-तिप्पट. तिसरी कार्बन तंतूंची, आणि तिच्याबद्दल आमचं मत असं की .३१५ वर ती घालणं म्हणजे होडीला चांदीचं वल्हं. खर्च करायचाच असेल तर दुसऱ्या प्रकारावर करा. शेताच्या राखणीला, माचावरून वापरायच्या रायफलीला पहिला प्रकार नीट बसवला तर पुरतो.

"ह्यां प्लास्टिक धक्को सोसतलां?" असं मालवणकडचे एक काका दर वर्षी विचारतात. सोसतं. रेमिंग्टन कंपनीने १९५९ साली नायलॉनच्या दस्त्याची .२२ रायफल बाजारात आणली होती, म्हणजे ही वस्तू काल-परवाची नाही. काकांनी अजून घेतलेला नाही.

वजनाचंही बघा. हलका दस्ता खांद्यावर न्यायला बरा, पण रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त जाणवतो. शिवाय पोकळ दस्त्याने मागचा भाग हलका होऊन नळी पुढे झुकते. आम्ही पोकळीत फोम भरून देतो, त्याने फांदीला लागल्यावर येणारा डबा वाजल्यासारखा आवाजही मरतो.

माप म्हणजे खटक्यापासून दस्त्याच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी. परदेशी दस्ते बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास असतात. कोपराच्या खोबणीत दस्ता टेकवून बोट खटक्यावर पोचतं का, ही जुनी पद्धत ढोबळ आहे. आमच्याकडे रिकामी रायफल हातात देऊन डोळे मिटायला सांगतो, खांद्याला लावायला सांगतो, मग डोळे उघडायचे. निशाण थेट डोळ्यासमोर आलं तर माप बरोबर. मान ताणावी किंवा दाबावी लागली तर नाही. येताना नेहमीचा सदरा घालून या, लग्नाचा कोट नको. पोकळ दस्ता आखूड करायचा तर कापलेल्या तोंडात आधी भरीव ठोकळा बसवावा लागतो, नाहीतर रबरी पॅडचे स्क्रू हवेत राहतात. आणि दुर्बीण लावलेली असेल तर गाल टेकायची कड उंच हवी. उघड्या निशाणाच्या जुन्या दस्त्यावर दुर्बीण लावली की हनुवटीवर रायफल तोलावी लागते.

बसवण्याच्या कामात बेडिंगला सर्वांत जास्त वेळ जातो. ॲक्शन आणि दस्ता यांच्यामध्ये इपॉक्सीचा थर भरून लोखंडाचा हुबेहूब ठसा घेणं म्हणजे बेडिंग. लोखंडाला आधी मेण लावतो, नाहीतर रायफल आणि दस्ता जन्मभरासाठी एक होतात. भोकं मुलांच्या खेळातल्या मातीने बुजवतो. माउझरच्या पोटाखालच्या धक्का झेलणाऱ्या दाताच्या पुढे आणि खाली टेप चिकटवून फट ठेवतो, म्हणजे तो फक्त मागच्या बाजूला टेकतो. स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या घालतो, त्यामुळे आवळताना प्लास्टिक चेपत नाही. स्क्रू जोर मोजणाऱ्या पान्याने आवळतो, सहसा चार ते सहा न्यूटन-मीटर. अंदाजाने नाही.

हे काम आम्ही श्रावणात करत नाही. दमट हवेत इपॉक्सीचा वरचा थर चिकट राहतो. पण डुकरं नेमकी भाद्रपदात येतात, म्हणून सगळे तेव्हाच धावत येतात आणि आम्ही नाही म्हणतो. दिवाळी झाली की या, होळीपर्यंत हवा चांगली असते.

काम झाल्यावर घरी नेण्याआधी आमच्यासमोर एवढं करून बघा. पाच रुपयांची जुनी नोट नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवा. नळी दस्त्याला न टेकता मोकळी ठेवायची ठरली असेल तर ती ॲक्शनपर्यंत अडायला नको. बोल्ट दहा वेळा उघडा-मिटा. सेफ्टी लावून खटका ओढा. मॅगझीन बसवताना ढोसावं लागत असेल तर दस्ता अजून घासायचा राहिला आहे. निशाण मात्र पुन्हा लावावंच लागणार, मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या मैदानावर. त्यासाठी काही काडतुसं राखून ठेवा.

वर्षातून दोनदा रायफल आणा, मृगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर. आम्ही दस्ता उतरवून झाकलेल्या लोखंडाला पातळ ग्रीस लावून देतो. भिजली तर त्याच रात्री पुसा, नळी खाली करून फडक्यावर टेकवून निथळू द्या. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. खंडेनवमीला पूजेत ठेवलीत तर हळदकुंकू दस्त्याला लावा, लोखंडाला नको, आणि दुसऱ्या दिवशी पुसा.

जुनं लाकूड फेकू नका. कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा, त्यावर कधी कधी रायफलीचाच नंबर ठोकलेला असतो. उद्या नातवाला ती मूळ रूपात हवी झाली तर त्याच्याशिवाय गत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून परस्पर काही मागवू नका. आयात परवान्याशिवाय आलेलं पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जनावर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, ती आमच्या दुकानात मिळत नाही.

येताना मूळ परवाना आणा, छायाप्रत चालणार नाही. परवानाधारकाने स्वतः यावं, मुलाला किंवा गड्याला पाठवू नये. रायफल रिकामी, बोल्ट काढून वेगळा, काडतुसं घरी. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल आणि शस्त्र पोलीस ठाण्यात जमा असेल, तर ते परत मिळाल्यावरच या. गणपतीचे पाच दिवस दुकान बंद असतं.