कोकणकडा वाइडमध्ये घ्यावा की पॅनोरमात?

कोकणकडा हरिश्चंद्रगडावरचा. तिथून आलेल्या कुठल्याही ग्रुपचे फोटो बघा. निम्मे ०.५ वर, म्हणजे फोनच्या वाइड लेन्सने काढलेले असतात, उरलेले पॅनोरमा. ‘सगळं मावलं पाहिजे’ हा हेतू दोन्हींत एकच, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. तसं नाही.

वाइड लेन्स सगळं दृश्य एका क्षणात सपाट पडद्यावर टाकते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमी लेन्सला आडवं सुमारे ९७ अंश दिसतं. सरळ रेषा सरळच राहतात, पण टोकाकडचं सगळं बाहेर ताणलं जातं. कोपऱ्यात उभा केलेला सडपातळ मित्र पसरट दिसतो, पायाशी असलेला दगड राजासारखा पुढे बसतो आणि दूरचे डोंगर बारके होतात.

पॅनोरमात कॅमेरा फिरवत घेतलेले तुकडे जोडले जातात, बहुतेकदा दंडगोलावर, आणि मग डब्यावरचं लेबल सोलून सपाट करावं तसं ते उलगडतात. मधला आणि टोकाचा डोंगर सारख्याच मापात येतो. त्या बदल्यात क्षितिजाच्या वर-खाली असलेल्या सरळ आडव्या रेषा वाकतात.

कोकणकड्याची अडचण इथेच सुरू होते. हा कडा आत वळलेला, नालासारखा. त्याचं सगळं रूप त्या वळणात आहे. मधोमध उभं राहून १८० अंश पॅनोरमा काढला तर एक भुजा डावीकडे, एक उजवीकडे आणि मध्ये कोकणावरचं आभाळ. न गेलेल्या माणसाला ते दोन वेगळे डोंगर वाटतात! माझ्या मते इथे पॅनोरमा विसरावा. कड्याच्या एका बाजूला जाऊन (काठापासून मागे राहूनच, पावसाळ्यात तिथला दगड निसरडा असतो) समोरच्या बाजूकडे वाइड लावावी. पलीकडे एखादा माणूस ठिपक्याएवढा आला, तर कड्याची उंची न सांगता कळते.

गडावरच्याच तारामती शिखराच्या माथ्यावर गणित उलटं. आजोबा, रतनगड, कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग अशी रांग क्षितिजावर पसरलेली असते. वाइडमध्ये ती वारुळं होतात. ५० मिमी लेन्स, कॅमेरा उभा धरलेला, दर फ्रेममध्ये एक तृतीयांश भाग सामाईक: सहा-सात फ्रेममध्ये १२० अंश होतात आणि प्रत्येक सुळका ओळखू येतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) लॉक करा, नाहीतर सूर्याकडची फ्रेम वेगळीच उजळ-काळी होते. धुकं सरकत असेल तर जोड उघडे पडतात. जवळ झुडूप असेल तर स्वतःभोवती गिरकी न घेता लेन्सभोवती कॅमेरा फिरवावा. पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) दोन्हींत काढूनच ठेवावा. एवढ्या रुंद आभाळात निळा रंग एकसारखा येत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. तेच तुकडे सॉफ्टवेअरमध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह’ पर्याय निवडून जोडले, तर पॅनोरमासुद्धा वाइडसारखाच टोकांना ताणलेला येतो, फक्त बारकावे जास्त. म्हणजे खरा फरक दृश्य कशावर पसरवलं यात आहे.

इंद्रवज्रासाठी, म्हणजे धुक्यावर उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्यासाठी, मात्र दोन्ही नकोत. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने ते इथे पाहिल्याची नोंद आहे. सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं असं सकाळी जुळून आलं, तर आपल्या सावलीभोवती ते गोल कडं दिसतं. आकाराने ते काही अंशांचंच असतं, तेव्हा झूम लावा.