खानदेशातलं शहरी बालपण

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ आणि अमळनेर-शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावांत मुलं कशी वाढतात, त्यातून त्यांना काय मिळतं, त्याबद्दलची ही नोंद. ही शहरं पुण्या-मुंबईएवढी अवाढव्य नाहीत आणि मुलांना त्याचाच सगळ्यात मोठा फायदा होतो, कारण एकदा सायकल यायला लागली की पाचवी-सहावीतलं पोरगं शाळा, क्लास, मैदान, मित्राचं घर सगळं आपलं आपण गाठतं, कुणी सोडायला यायची वाट बघत बसत नाही. जळगावात तर मेहरूण तलाव, भाऊंचं उद्यान, व. वा. वाचनालय असं बरंच काही आहे, थंडीत मेहरूणची बोरं वेगळी. धुळ्याच्या जुन्या भागात इंग्रजी अमलात आखलेल्या सरळ गल्ल्यांना नंबरच आहेत, लहान पोरगंही गल्ली नंबर सांगून घरी पोचतं.

दुसरी कमाई भाषेची. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, शेजारी मारवाडी नाहीतर सिंधी कुटुंब, शाळेत पुस्तकी मराठी, नंदुरबारकडे गुजराती आणि भिली, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत ठिकठिकाणच्या बदलीवाल्यांची हिंदी, हे सगळं खेळता खेळता कानावर पडतं आणि तोंडातही बसतं. फक्त अहिराणी बोलणाऱ्या पोराला वर्गात हसणं थांबायला हवं, त्याने मूल गप्प होतं आणि मग बोलतच नाही.

रस्ता, चौक हे मुलांचेही असतात, हे नंदुरबारला वेगळं सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गेले.

दवाखाना, कॉलेज जवळ असतं हे आहेच. गावही तुटत नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एसटीने आजीकडे जायचं, झोका खेळायचा आणि परत यायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी सगळी पोरं घरात, खेळ काय तो ऊन उतरल्यावर.

पण मोकळे प्लॉट भराभर बांधले जातायत, क्रिकेटला जागा उरत नाहीये. जळगावात हायवे शहराच्या मधूनच गेलाय, घर एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला, मग सायकल दारात उभी ठेवून आईवडील रिक्षा लावतात, त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. शाळांजवळ रस्ता ओलांडायची नीट सोय आणि चालण्याजोगा फूटपाथ, एवढं झालं तरी ती सायकल पुन्हा बाहेर निघेल.