नारायणगावची तमाशा परंपरा

नारायणगावची तमाशा परंपरा : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव या बाजाराच्या गावाभोवती वाढलेली ढोलकी-फडाच्या (फड म्हणजे तमाशाचा फिरता संच) तमाशाची परंपरा. गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, मीना नदीच्या काठी, पुण्यापासून सुमारे ७५ किमी. अंतरावर आहे. बाहेरच्यांना ते द्राक्षांमुळे, टोमॅटोच्या बाजारामुळे किंवा शेजारच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीमुळे ठाऊक असते. तमाशाच्या दुनियेत मात्र त्याला ‘तमाशापंढरी’ म्हणतात. नाटकवाल्यांनी सांगलीला जसे पंढरीचे बिरुद दिले, तसेच हे.

या परंपरेचे दोन धागे आहेत आणि ते वेगळे ठेवलेले बरे. एक म्हणजे ‘नारायणगावकर’ हे नाव लावणारे कलावंत व त्यांचे घराणे. दुसरा म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास गावात भरणारा फडांच्या राहुट्यांचा बाजार. लोकप्रिय लेखनात दोहोंची सरमिसळ होते आणि ‘या मातीने कलावंत घडवले’ असे सरसकट म्हटले जाते. कलावंतांच्या जन्मगावांकडे पाहिले, तर हे विधान जपूनच करावे लागते.

‘-कर’ नावांचा प्रश्न : तमाशात कागदोपत्री आडनाव मागे पडते आणि फलकावर गाव येते. सावळजकर, कवलापूरकर, इंदुरीकर, सातारकर ही सर्व नावे या चालीची आहेत. मात्र प्रत्येक ठिकाणी ‘-कर’चा अर्थ एकच नसतो. कवलापूरच्या खाडे बंधूंची, म्हणजे काळू-बाळूंची जोडी खरोखरच सांगलीजवळच्या त्या गावची. दादू इंदुरीकरांचे मूळ नाव गजानन राघू सरोदे. मावळातील इंदोरी गावावरून ते इंदुरीकर झाले. इतरत्र मात्र हा प्रत्यय फडाचा पावसाळी मुक्काम, गुरूचा फड, सासर किंवा पहिले नाव जिथे झाले ते ठिकाण, यांपैकी काहीही सांगतो. फडाच्या दृष्टीने ती एक प्रकारची व्यापारी खूणच असते. जत्रेच्या पंचांना माणसाची वंशावळ नको असते, कोणाच्या नावावर गर्दी जमेल एवढे कळले की पुरते.

नारायणगावकर हे नाव याचे उत्तम उदाहरण आहे. ते गाजवणाऱ्या फडाचे पूर्ण नाव ‘भाऊ बापू मांग नारायणगावकर’. नवख्या वाचकाला ते एका माणसाचे वाटते. प्रत्यक्षात भाऊ आणि बापू हे दोन भाऊ, मूळ आडनाव खुडे. फडाच्या नावातच जात लिहिण्याची रीत त्या पिढीत होती, पुढे ती मागे पडली. फडाची उभारणी त्यांचे वडील नारायण खुडे यांनी केल्याचे सांगितले जाते आणि ते शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथले. म्हणजे घराणे मूळचे नारायणगावचे नव्हे. वडिलांचे नाव नारायण आणि गावाचे नाव नारायणगाव, यावरून कोणी काही जुळवू नये. तो निव्वळ योगायोग आहे. भाऊंची मुलगी विठाबाई हिच्यामुळे हे नाव महाराष्ट्रभर झाले, पण तिचा जन्मही पंढरपुरातला. ‘विठा’ हे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. तीन पिढ्यांत तीन गावे येतात, आणि फलकावर राहते ते एकच.

मग हेच गाव का? एका मतानुसार भाऊ-बापूंच्या लौकिकामुळे इतर फड येथे ओढले गेले आणि पुढे बाजार जमला. दुसऱ्या मतानुसार बाजार आणि रस्ता आधी, फड नंतर. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर हा जत्रांनी भरलेला टापू; त्याच्या मधोमध मोठ्या रस्त्यावर वसलेले हे गाव. खुडे घराणे बाहेरून येऊन येथे स्थिरावले, ही गोष्ट दुसऱ्या मताला अधिक धरून आहे. लौकिकाने बाजार वाढला असेल. पण त्या लौकिकाला मुळात येथे आणले ते वाटेने, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रयोगाचे स्वरूप : नारायणगावशी जोडलेले फड ढोलकी-फड प्रकारातले आहेत. संगीत बारीशी त्यांची गल्लत होऊ नये. बारी एका थिएटरात बसते (पुण्याचे आर्यभूषण, दौंड तालुक्यातील चौफुला), तिच्यात तबला-पेटी आणि बैठकीची लावणी मुख्य असते व वग (तमाशातील कथानाट्य) नसतो. फड मात्र फिरता. तंबू, कनाती, ट्रक, स्वयंपाकी, मजूर धरून मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. प्रयोगाचा क्रम ढोलकी-हलगीची सलामी, गण, गवळण, बतावणी, रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग असा. गवळणीत कृष्णाबरोबर पेंद्या आणि मावशी येतात. गवळणींची वाट अडवली जाते, मावशी भांडायला पुढे सरसावते आणि सोंगाड्या त्याच दिवशी गावात ऐकलेली एखादी गोष्ट त्या भांडणात घुसवतो. झीलकऱ्याच्या, म्हणजे मागे सुरात साथ करणाऱ्याच्या, हातात तुणतुणे असते. ‘जी जी रं जी’ची ओढ तो इतकी लांबवतो, की पुढच्या ओळीला नाचणारीचा पाय ठेक्यावर यायला सवड मिळते.

‘तमाशा’ हा शब्द अरबी-फार्सीतून आला, मूळ अर्थ चालत जाऊन पाहणे, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो कलेच्या उगमाचा. औरंगजेबाच्या दख्खन स्वाऱ्यांतील छावण्यांत तिचे मूळ शोधणारे मत प्रसिद्ध आहे. गोंधळ, लळित, भारूड यांच्या देशी परंपरेतून ती उमलली, असे दुसरा पक्ष म्हणतो. एकनाथांच्या हिंदुस्तानी वळणाच्या भारुडांत हा शब्द आढळतो, असे अभ्यासक दाखवतात. ते मान्य केल्यास निदान शब्द तरी औरंगजेबाच्या छावण्यांहून जुना ठरतो. गण आणि गवळण यांची घडण पाहता देशी मूळ मानून छावणीचा काळ हा बहराचा काळ समजणे योग्य. वग हे अंग मात्र निश्चितपणे उशिराचे. सावळजच्या उमाजी बाबाजींचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानतात आणि त्यासाठी १८६५ हे साल दिले जाते. ‘एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढे म्हणणे अधिक सुरक्षित. वगाची संहिता बहुधा लिहिलेली नसते. सरदार (फडाचा प्रमुख) कथेचा सांगाडा सांगतो, पदे ठरलेली असतात आणि मधले संवाद नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे एकच वग एका गावात दोन तासांत संपतो, दुसऱ्या गावात पहाटेपर्यंत चालतो.

विठाबाई : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (जुलै १९३५–१५ जानेवारी २००२) या परंपरेतील सर्वांत मोठे नाव. लहानपणीच त्या वडील-चुलत्यांच्या फडात उभ्या राहिल्या. गाणे, नाच, अभिनय तेथेच शिकल्या. १९५७ व १९९० या साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाल्याचे नोंदवलेले आढळते. त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात एक प्रसंग येतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर होत्या. कळा सुरू झाल्यावर पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली, कासोटा पुन्हा घट्ट केला आणि पुढची लावणी करायला बाहेर आल्या. प्रेक्षकांना उमगले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. हा प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. पण फडाचा हिशोब ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यात दुसरी बाजूही दिसते : खेळ मोडला तर सुपारी (खेळाची ठरलेली रक्कम) बुडते, आणि मुख्य नाचणारीशिवाय खेळ होत नाही. अखेरच्या काळात त्यांना आर्थिक ओढाताण सोसावी लागली. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते.

विठाबाईंचे बालपण ज्या काळात गेले, त्याच काळात, स्वातंत्र्याच्या सुमारास, मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीनंतर अटींसह परवानगी मिळाली आणि वगांची तपासणी सुरू झाली.

पुढील पिढीत त्यांच्या मुली मंगला बनसोडे, संध्या माने व मालती इनामदार तमाशात आल्या. मंगला बनसोडे यांना २०१० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला आहे. नावांची गंमत येथेही दिसते. मालतीबाईंच्या फलकावर ‘इनामदार नारायणगावकर’ अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी येतात, तर मंगलाबाईंच्या फडाने ‘करवडीकर’ हे नाव लावले. आई एकच, पण गावे फडागणिक वेगळी.

कवठे येमाई : खुडे घराण्याचे हे मूळ गाव स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. एवढ्याशा गावातून तमाशाला गंगाराम कवठेकर मिळाले आणि पुढे बी. के. मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांच्यासारखा लिहिणारा मिळाला. मोमीन यांनी अनेक फडांसाठी लावण्या, गवळणी व वग लिहिले. तमाशात गाणाऱ्याचे नाव राहते आणि लिहिणाऱ्याचे पुसते. मोमीन त्याला अपवाद ठरले. या दोघांनाही विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार मिळाला. मोमीन यांना तो २०१८ चा. ज्या गावातून विठाबाईंचे आजोबा निघाले, तिथेच तो पोहोचला.

राहुट्यांचा बाजार : फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात, साधारण बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. पहिला भाग तिकिटावरच्या खेळांचा, दुसरा सुपारीचा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात व गावकरी वर्गणी काढून फड आणतात. ही सुपारी ठरवण्यासाठी नारायणगावात रस्त्याकडेला राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक आणि कलावंतांचे फोटो, आत सतरंजी, गादी, टांगलेले पंचांग व तारखांची वही. यात्रा कमिटीची चार-पाच माणसे टोप्या सावरत आत येतात. चहा येतो. पहिला प्रश्न तारखेचा असतो, पैशाचा नव्हे. कालाष्टमी आणि चैत्र पौर्णिमा (हनुमानजयंती) या तिथींना अनेक गावांच्या जत्रा एकदम येतात. त्या दिवशी मोठ्या फडाला मागेल तो भाव मिळतो आणि आदल्या-दुसऱ्या दिवशी तोच फड बराच खाली उतरतो. ‘नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, वग नवा का जुना’ ही चौकशी झाली की घासाघीस, मग इसार, मग वहीत नाव. कमिटी त्याच फेरीत आणखी दोन राहुट्यांत डोकावून आलेली असते, हे मॅनेजरला ठाऊक असते आणि कमिटीलाही.

या वहीवर वर्षाचे अर्थकारण उभे असते. हंगामाआधी फडमालक कलावंतांना उचल (आगाऊ रक्कम) देतो, ती बहुधा सावकाराकडून काढलेली असते, आणि चैत्रातल्या सुपाऱ्यांतून फिटते. उचल घेतलेला कलावंत ती फिटेपर्यंत फड सोडू शकत नाही. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभर टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले तेही नेमके त्याच दिवशी. ऐन सुपारीचे दोन्ही हंगाम गेले, उचल मात्र वहीत तशीच राहिली.