अँसांदी (चित्रपट)

'अँसांदी' हा कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात तयार झालेला, फ्रेंच आणि अरबी भाषांतला रहस्यप्रधान चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शन दनी व्हिलनव्ह यांचे असून वज्दी मुआवाद यांच्या याच नावाच्या नाटकावर तो बेतलेला आहे. लांबी सुमारे १३० मिनिटे. मूळ फ्रेंच शब्द अनेकवचनी आहे. जळिते, आगी असा त्याचा अर्थ. मराठीत 'वणवे' हा शब्द त्याच्या जवळ जातो, कारण इथली आग एका घरापुरती राहत नाही. आई वारल्यावर तिच्या मृत्युपत्रामुळे दोन मुलांना आपल्या जन्माची हकीकत शोधत फिरावे लागते, एवढेच कथेचे सूत्र. घराण्याच्या गुपितांवरचे चित्रपट पुष्कळ आहेत. त्यांत बहुधा घरातली वडीलधारी मंडळी अब्रूसाठी काही दडवतात आणि धाकटी पिढी ते उकरून काढते. 'अँसांदी'मधले सर्वांत मोठे गुपित मात्र खुद्द आईलाही आयुष्याच्या अखेरीपर्यंत ठाऊक नसते. चित्रपटाचे वेगळेपण इथे आहे.

कथानक

पुढील मजकुरात रहस्य उघड केले आहे. चित्रपट पाहायचा असेल त्यांनी हा भाग नंतर वाचावा. एकदा कळल्यावर तो पुन्हा कोऱ्या मनाने पाहता येत नाही.

माँट्रियलमध्ये राहणारी नवाल मरवान (लुब्ना अझबाल) ही स्थलांतरित स्त्री मरण पावते. नोटरी जाँ लबेल तिच्या जुळ्या मुलांना, झान आणि सिमों यांना, मृत्युपत्र वाचून दाखवतो. आपल्याला पेटीविना, विवस्त्र, जगाकडे पाठ करून पालथे पुरावे, थडग्यावर दगड नको आणि नावही नको, अशी तिची इच्छा असते. सोबत दोन बंद पाकिटे: एक झानने वडिलांना द्यायचे, दुसरे सिमोंने भावाला. वडील युद्धात गेले असे मुले धरून चालली होती आणि भाऊ असल्याचे त्यांनी कधी ऐकलेलेच नव्हते. दोन्ही पत्रे पोचली तरच थडग्यावर दगड बसणार.

इथे नोटरीविषयी थोडे सांगायला हवे. आपल्याकडे नोटरी म्हटले की कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल मांडून प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारून देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. क्यूबेकमध्ये दिवाणी कायदा फ्रेंच परंपरेतला असल्याने तिथला नोटरी हा कायद्याचा पदवीधर असतो आणि त्याच्यासमोर केलेले मृत्युपत्र न्यायालयात वेगळे सिद्ध करावे लागत नाही. नवाल याच लबेलच्या कचेरीत सेक्रेटरी होती. मृतांची इच्छा हा त्याच्या दृष्टीने धंद्यातला कागद नसून दिलेला शब्द आहे. म्हणूनच चिडलेला सिमों 'आईला साधेपणाने पुरून टाकू' म्हणतो तेव्हाही लबेल हटत नाही.

आधी झान एकटीच निघते. मध्यपूर्वेतल्या एका देशात, ज्याचे नाव चित्रपटात कुठेही येत नाही, ती हातात आईचा जुना फोटो घेऊन फिरते. आईच्या गावी बायका तिचे चांगले स्वागत करतात, शेजारी बसवून चहा देतात. ती कोणाची मुलगी हे कळताच मात्र खोलीतले वारेच बदलते. भाषा न कळणारी झान एकेक चेहरा बघत राहते, दुभाष्याचे काम करणारी मुलगी अवघडते, आणि म्हातारी सुनावते: तू बापाला शोधतेस, पण तुझी आई कोण तेही तुला ठाऊक नाही. आरडाओरडा नाही, झटापट नाही. दोन पिढ्यांपूर्वीची 'बदनामी' त्या गावात अजून ताजी आहे हे चहाच्या पेल्यांमधून कळते.

भूतकाळ समांतर चालतो. ख्रिस्ती कुटुंबातल्या तरुण नवालचे एका निर्वासितावर प्रेम बसते. तिचे भाऊ त्याला ठार मारतात. तिला झालेला मुलगा आजी अनाथालयात धाडते, पण त्याआधी बाळाच्या टाचेवर तीन टिंबे गोंदते, पुढे ओळख पटावी म्हणून. नवाल शहरात शिकायला जाते, युद्ध भडकते, आणि ती मुलाला शोधायला दक्षिणेकडे निघते. अनाथालय जळून गेलेले असते. पुढच्या वाटेवर ती मुस्लिम प्रवाशांच्या बसमध्ये बसते. बंदुकांवर मेरीमातेची चित्रे चिकटवलेले ख्रिस्ती सैनिक बस अडवतात, गोळ्या झाडतात, पेट्रोल ओततात. गळ्यातला क्रूस दाखवून नवाल वाचते. एका चिमुरडीला आपली मुलगी म्हणून बाहेर काढते, पण ती पोर आईला हाका मारत पेटत्या बसकडे धावते आणि गोळीला बळी पडते. जळत्या बसपुढे गुडघ्यांवर बसलेली नवाल हे चित्र पुढे पोस्टरवरही आले.

त्यानंतर नवाल दुसऱ्या बाजूला मिळते. ख्रिस्ती गटाच्या नेत्याच्या मुलाला फ्रेंच शिकवण्याच्या मिषाने ती त्या घरात शिरते आणि नेत्याला गोळ्या घालते. शिक्षा पंधरा वर्षांची. तुरुंगात ती कैदी क्रमांक ७२ असते. शेजारच्या कोठड्यांतल्या किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून गात राहते, म्हणून 'गाणारी बाई'. तिला मोडण्यासाठी अबू तारेक नावाच्या छळ करणाऱ्याला पाठवले जाते. त्याच्या बलात्कारातून तिला तुरुंगातच जुळी मुले होतात. ती नदीत टाकून देण्याऐवजी सुईण लपवून वाचवते. झान आणि सिमों ही तीच मुले; जन्माच्या वेळची नावे जनान आणि सरवान.

म्हणजे झानला वडील सापडतात. भावाचा पत्ता सिमोंला शम्सद्दीन या जुन्या लढाऊ नेत्याकडे लागतो. अनाथालयातला मुलगा, निहाद, त्याच्याच माणसांनी उचलून वाढवला होता. तो पटाईत निशाणबाज झाला, शत्रूच्या हाती लागला, आणि त्यांनी त्याला तुरुंगात छळ करण्याच्या कामाला लावले, नव्या नावाने: अबू तारेक. वडील आणि भाऊ एकच.

एक अधिक एक

ही गोष्ट सिमों बहिणीला सांगतो ती गणितातून: एक अधिक एक दोन होतात, पण एक होऊ शकतात का? झान शुद्ध गणित शिकवते. चित्रपटाच्या सुरुवातीला तिच्या वर्गात कोलाट्झच्या अनुमानाचा उल्लेख येतो, तो उगाच नव्हे. कोणतीही धन पूर्ण संख्या घ्या; सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा; आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा. ७ घेतले तर २२, ११, ३४, १७, ५२, २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २ आणि शेवटी १. वर चढून, खाली घसरून, प्रत्येक संख्या अखेर एकावरच येते असे दिसते, पण का, हे अजून कोणाला सिद्ध करता आलेले नाही. दोन पाकिटे, दोन पत्ते, दोन प्रवास, आणि शेवटी एकच माणूस. पटकथेचा सारा डोलारा या एका उदाहरणात मावतो. खेदाची बाब इतकीच की बहुतेक प्रेक्षकांना ते पहिल्या वेळी निव्वळ वर्गातले संवाद वाटते.

ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या ईडिपसची, नकळत आईशी लग्न करणाऱ्या राजाची, आठवण इथे अपरिहार्य आहे. मराठी वाचकाला ती कथा पु. ल. देशपांड्यांच्या 'राजा ओयदिपौस'मधून परिचयाची असेल. ईडिपस या नावाचा अर्थच 'सुजलेल्या पायाचा'. इथेही ओळख पायावरूनच पटते. माँट्रियलच्या एका जलतरण तलावावर पाण्यातून वर आलेल्या नवालला काठावर उभ्या माणसाच्या टाचेवरची तीन टिंबे दिसतात. ती वळसा घालून पुढे येते, मुलाचा चेहरा पाहायला, आणि तो चेहरा असतो अबू तारेकचा. तो तिला ओळखत नाही. ती खुर्चीत बसते आणि बोलणे थांबवते. चित्रपटात हा प्रसंग आधी बाहेरून दिसतो, मुलीच्या नजरेने: आईला एकाएकी काहीतरी झाले, एवढेच. सबंध उलगडा झाल्यावर तो पुन्हा दिसतो. ग्रीक शोकांतिकेत सत्य कळल्यावर राजा स्वतःचे डोळे फोडतो. नवाल वाचा सोडते, पण कागदावर लिहून ठेवते. वडिलांसाठीचे पत्र छळ करणाऱ्याला उद्देशून आहे, भावासाठीचे हरवलेल्या मुलाला, आणि काहीही झाले तरी तुझ्यावर माया करीन हा जुना शब्द त्यात पाळला आहे. दोन्ही एकाच माणसाच्या हाती पडतात.

नाटक ते चित्रपट

मुआवाद यांचा जन्म १९६८ साली लेबनॉनमध्ये झाला. यादवीमुळे कुटुंब आधी फ्रान्सला आणि मग क्यूबेकला गेले. 'अँसांदी' हे नाटक २००३ सालचे; 'वचनांचे रक्त' अशा अर्थाच्या नावाच्या नाट्यचतुष्टयातले ते दुसरे. इंग्रजी रंगभूमीवर ते 'स्कॉर्च्ड' या नावाने आले. नाटकात दोन्ही काळ एकाच वेळी रंगमंचावर वावरतात आणि पात्रे दीर्घ, काव्यमय भाषणे करतात. व्हिलनव्ह यांनी ती भाषणे जवळजवळ सारी काढून टाकली. नवालची मैत्रीण सौदा हे नाटकातले मोठे पात्र वगळले. नाटकात ओळख पटते ती विदूषकाच्या लाल नाकावरून. चित्रपटात त्याच्या जागी गोंदण आले. हा बदल मला अधिक पटतो: नाक हरवू शकते, फेकता येते, टाच बरोबरच राहते.

चित्रीकरण माँट्रियल आणि जॉर्डनमध्ये झाले. छायाचित्रण आंद्रे त्युर्पँ यांचे. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची नवाल अझबाल या बेल्जियन अभिनेत्रीनेच साकारली. चित्रपट प्रकरणांत विभागलेला असून त्यांची नावे पडदाभर लाल अक्षरांत येतात. सुरुवातीच्या दृश्यात मुलांच्या डोक्यावरून यंत्र फिरवून केस भादरले जात आहेत, पार्श्वभूमीला रेडिओहेड या इंग्रज वाद्यवृंदाचे गाणे, आणि एक मुलगा थेट कॅमेऱ्याकडे रोखून बघतो. त्याच्या टाचेवर टिंबे आहेत. उत्तर पहिल्या काही मिनिटांतच समोर ठेवलेले असते.

प्रतिसाद

टोरंटो महोत्सवात सर्वोत्कृष्ट कॅनेडियन चित्रपटाचा मान मिळाल्यावर त्याला ८ जिनी पुरस्कार (कॅनडाचे त्या वेळचे मुख्य चित्रपट पुरस्कार) मिळाले. परभाषी चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन होते, ते पारितोषिक २०११ साली डेन्मार्कच्या चित्रपटाला गेले. व्हिलनव्ह यांना पुढे हॉलिवूडची दारे उघडली ती याच चित्रपटाने. 'अरायव्हल' आणि 'ड्यून' नंतरचे.

आक्षेपही घेतले गेले. योगायोग फार, हा पहिला. तो खरा आहे, पण शोकांतिकेला योगायोग माफ करायचा की नाही हा जुना वाद आहे आणि तो इथे मिटणार नाही. दुसरा आक्षेप अरबी भाषकांचा: पात्रांच्या बोली एका देशाच्या वाटत नाहीत. हा अधिक गंभीर वाटतो. देशाचे नाव न घेण्याची मोकळीक दिग्दर्शकाने घेतली, पण बोली नाव घेतल्याशिवायही गाव सांगते.

मागचा इतिहास

निनावी देशामागे लेबनॉन आहे हे लपत नाही. तिथली यादवी १९७५ ते १९९० चालली, आणि तिची सुरुवात मानली जाते ती १३ एप्रिल १९७५ रोजी बैरूतच्या ऐन अल-रुम्माने भागात पॅलेस्टिनी प्रवाशांच्या बसवर झालेल्या गोळीबारापासून. नवालच्या तुरुंगवासामागे सुहा बिशारा या लेबनीज स्त्रीची खरी हकीकत आहे. इस्रायलच्या पाठिंब्यावर दक्षिण लेबनॉनमध्ये लढणाऱ्या सैन्याचे प्रमुख आंत्वान लहद यांच्या घरी त्या लहद यांच्या पत्नीला एरोबिक्स शिकवायला जात. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्यांनी लहद यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. चित्रपटातला नेता मरतो, लहद वाचले. बिशारा यांना खियामच्या तुरुंगात खटल्याविना दहा वर्षे ठेवले गेले, त्यांतली बरीचशी एकांतकोठडीत, आणि १९९८ साली त्या सुटल्या. जुळ्यांची आणि हरवलेल्या मुलाची गोष्ट त्यांची नाही, ती नाटककाराची. खियामचा तुरुंग मे २००० मध्ये इस्रायलने दक्षिण लेबनॉन सोडला तेव्हा गावकऱ्यांनी उघडला, पुढे तिथे संग्रहालय झाले, आणि २००६ च्या युद्धात इस्रायली बाँबहल्ल्यात त्याचा बराचसा भाग जमीनदोस्त झाला.