न पचलेल्या स्टार्चचे पुढे काय होते?

कॉलऱ्याच्या रुग्णाला मीठ-साखरेचे पाणी पाजतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी एका प्रयोगात याच पाण्यात लिटरमागे ५० ग्रॅम मक्याचे स्टार्च मिसळले. स्टार्चही साधे नव्हे, तर आपल्या पाचकरसांना सहजी दाद न देणारे. त्यासाठीच ते निवडले होते. ज्या रुग्णांना ते मिळाले त्यांचे जुलाब लवकर आटोक्यात आले आणि अंगातले पाणीही कमी गेले. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले.

जे पचतच नाही, त्याचा गुण कसा आला? मीठ-साखर लहान आतड्यात शोषली जाते. हे स्टार्च मात्र तिथून निसटून मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून छोट्या साखळीची मेदाम्ले तयार होतात. ही आम्ले शोषून घेताना मोठे आतडे त्यांच्याबरोबर सोडियम आणि पाणीही आत ओढते. मोठे आतडे म्हणजे शरीराची कचरापेटी, असे मानणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग सांगावा असे मला वाटते.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. काही माळा जवळजवळ सरळ असतात, त्यांना अमायलोज म्हणतात. काहींना झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात, ते अमायलोपेक्टिन. वनस्पती या माळा घट्ट रचून त्यांचे सूक्ष्म कण बनवते. कच्च्या बटाट्यातले कण इतके घट्ट असतात की आपल्या विकरांना (अन्न फोडणाऱ्या एन्झाइमना) आत शिरायला फारशी फट सापडत नाही. पाण्यात शिजवले की साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला ते फुगतात, फुटतात आणि माळा मोकळ्या होतात. तोच बटाटा गार होऊ दिला, तर काही माळा पुन्हा एकमेकींना चिकटून स्फटिकासारख्या घट्ट होतात. नंतर गरम केल्यावरही त्या सगळ्या सुटत नाहीत. म्हणजे बटाटा तोच, वजनही तेच, पण गरम आणि गार बटाट्याचा शरीरातला प्रवास थोडा वेगळा होतो.

मोकळ्या माळांचा समाचार अमायलेज हे विकर घेते. ते आधी लाळेत भेटते आणि नंतर बऱ्याच मोठ्या प्रमाणात स्वादुपिंडाच्या रसात. लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती सर्वांमध्ये सारख्या नसतात. कुणाकडे दोनच असतात, तर कुणाकडे दहाहून जास्त. ज्या समाजांचा आहार पिढ्यान्‌पिढ्या पिष्टमय राहिला, त्यांच्यात या प्रती सरासरीने अधिक आढळतात, हे २००७ साली दाखवले गेले. शिजवलेल्या स्टार्चचा मोठा भाग अशा रीतीने लहान आतड्यातच ग्लुकोज होऊन रक्तात उतरतो, आणि त्यामागोमाग इन्शुलिन वाढते. उरलेला थोडा भाग जसाच्या तसा पुढे सरकतो. ब्रिटनमध्ये अन्नातले तंतू मोजण्याच्या पद्धती शोधताना हान्स इंग्लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विकरांना पुरून उरणारे हे स्टार्च आढळले. १९८२ साली त्यांनी त्याला नाव दिले ‘रेझिस्टंट स्टार्च’. अख्ख्या दाण्यात आणि डाळींमध्ये, कच्च्या केळ्यात, शिजवून गार केलेल्या पिष्टमय अन्नात ते असते.

इथून पुढे सूत्रे जीवाणूंच्या हाती जातात. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात असा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. पण हे घट्ट स्टार्च फोडणे त्यांच्यातल्या फारच थोड्यांना जमते. त्यात ‘रुमिनोकॉकस ब्रोमाय’ सर्वांत तरबेज. स्वतःची विकरे तो अनेक घटकांच्या एका जुळणीत एकत्र बांधतो आणि स्टार्चच्या कणावर चालवतो. कण एकदा फुटला की सुटलेल्या साखरेवर इतर जीवाणू जगतात. त्यांनी टाकून दिलेले ॲसिटेट नावाचे आम्ल आणखी कुणी उचलतो आणि त्याचे ब्युटिरेट हे दुसरे आम्ल करतो. एकाचे उष्टे दुसऱ्याचे जेवण, अशी ही पंगत आहे.

पहिला वाढपीच आला नाही तर? स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन येथील रोवेट संस्थेत वजन जास्त असलेल्या १४ पुरुषांना रेझिस्टंट स्टार्चचा आहार दिला होता. बहुतेकांच्या आतड्यात ते जवळपास पूर्ण आंबले. दोघांच्या बाबतीत मात्र ६० टक्क्यांहून अधिक स्टार्च तसेच बाहेर पडले, आणि या दोघांमध्ये रुमिनोकॉकस ब्रोमायचे प्रमाण अत्यल्प होते. आहाराचा एकच सल्ला सर्वांना सारखा लागू का पडत नाही, याचे मला पटलेले हे सर्वांत स्पष्ट उत्तर.

आंबवण्यातून मुख्यतः तीन आम्ले निघतात: ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट. रेझिस्टंट स्टार्चचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातून ब्युटिरेट चांगल्यापैकी मिळते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपल्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातूनच मिळवतात. ब्युटिरेट जाळताना त्या ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही, आणि ऑक्सिजन न सोसणाऱ्या ज्या जीवाणूंनी ब्युटिरेट बनवले त्यांचेच घर सुरक्षित राहते. किती सुंदर देवाणघेवाण आहे ही! बाकीची आम्ले रक्तातून यकृताकडे आणि पुढे इतर अवयवांकडे जातात. आतड्याच्या काही पेशींना या आम्लांची चाहूल लागते. मग त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके सोडतात. मधुमेह आणि लठ्ठपणावरची नवी इंजेक्शने यातल्या जीएलपी-१चीच नक्कल करतात. अर्थात, अन्नातून होणारी वाढ त्या औषधांच्या पासंगालाही पुरत नाही. दोन्ही एकाच मापाने मोजणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

मग जीवाणू आपल्याला जाड करतात की बारीक? २००४ साली जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना सामान्य उंदरांच्या आतड्यातले जीवाणू देण्यात आले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, तीही आधीपेक्षा कमी खाऊन! म्हणजे जीवाणू आपल्याला एरवी न मिळणारी ऊर्जा मिळवून देतात. पण स्टार्चचा हिशेब निराळा आहे. जे स्टार्च लहान आतड्यात पचले असते तर ग्रॅममागे ४ किलोकॅलरी मिळाल्या असत्या, ते जीवाणूंच्या वाट्याला गेले तर आपल्यापर्यंत साधारण २ पोचतात, आणि त्याही सावकाश, ग्लुकोजच्या रूपात नव्हे. जीवाणू दोन्ही वेळी तेच काम करतात. त्यांच्यापर्यंत काय पोचले, यावर फायदा-तोटा ठरतो.

माणसांवरचे पुरावे आता जमू लागले आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील अभ्यासात वजन जास्त असलेल्या ३७ जणांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च दिले. वजन सरासरी २.८ किलोने घटले आणि इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. माणसे थोडी आहेत, काळही थोडा. त्यापेक्षा मला अधिक विचारात पाडतो तो २०२२चा निष्कर्ष. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात कर्करोगाचा धोका फार वाढतो. असा विकार असलेल्या ९००हून अधिक जणांपैकी निम्म्यांना काही वर्षे रोज ३० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च दिले होते. दीर्घकाळ मागोवा घेतल्यावर दिसले की मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी झालाच नाही. कमी झाले ते या विकाराशी जोडलेले इतर अवयवांचे कर्करोग, आणि तेही जवळपास निम्म्याने. आतड्यात आंबणाऱ्या पदार्थाने आतडे सोडून बाकीच्या अवयवांना संरक्षण द्यावे, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण पित्ताम्लांमध्ये आहे. जीवाणू ही आम्ले बदलतात, त्यांतली काही पेशींच्या जनुकांना इजा करू शकतात, आणि स्टार्चमुळे हा बदल कमी होत असावा.

कुणाला आहारात असे स्टार्च वाढवायचे असेल तर हळूहळू वाढवावे. आंबवताना वायू तयार होतो. जीवाणूंची संख्या नव्या अन्नाशी जुळेपर्यंत काही दिवस जातात, आणि एकदम मोठी मात्रा घेतली तर पोट फुगते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. त्यातल्या अकार्बोज या गोळीचे काम तर नेमके हेच आहे: ती विकरांना अडवते, म्हणून स्टार्च न पचता पुढे सरकते आणि मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंना मिळते. तोंडातल्या आणि आतड्यातल्या काही जीवाणूंकडे हीच गोळी निकामी करणारे विकर असते, हे २०२१ साली समजले. ते गोळीच्या रेणूला एक फॉस्फेट जोडतात, आणि मग ती त्यांच्या स्वतःच्या विकरांना अडवू शकत नाही.