टेप गेली, तिच्याबरोबर कालची प्रतही गेली

कंपनीच्या शाखेत सर्व्हर असायचा, पण तो सांभाळणारा माणूस नसायचा. शाखांचा डेटा मध्यवर्ती सर्व्हरवर आणण्याची खटपट सुरू झाली ती या अडचणीतून. १९९० च्या दशकातली पद्धत अशी, की संध्याकाळी कार्यालयातल्याच कुणीतरी ड्राइव्हमधली, डेटाची राखीव प्रत (बॅकअप) साठवणारी चुंबकीय टेप बदलायची. बदलायची राहून जाई, तीच टेप झिजेपर्यंत वापरली जाई आणि ती वाचता येते का, हे सर्व्हर बंद पडल्यावरच कळे.

डेटा थेट मुख्यालयात पाठवायला लाइन पुरत नव्हती. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनच्या एका चॅनेलचा वेग सेकंदाला ६४ किलोबिट. त्यावरून १ गिगाबाइट न्यायला, मध्ये एकदाही खंड न पडता, सुमारे ३५ तास लागतात. त्यात मोठ्या फाइलीतली एक ओळ बदलली तरी अख्खी फाइल पुन्हा पाठवायची.

फक्त बदल पाठवावेत, हे कुणालाही सुचेल. पण फरक काढायला दोन्ही फाइली समोर हव्यात आणि दुसरी तर लाइनच्या पलीकडे! ही कोंडी फोडली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी, १९९६ मध्ये, ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅम लिहून. केंद्र आपल्याकडच्या जुन्या फाइलीचे ठरावीक आकाराचे तुकडे करतं आणि प्रत्येकाच्या दोन खुणा शाखेला कळवतं: एक झटपट काढता येणारी, दुसरी खात्रीची. शाखा नव्या फाइलीवरून एकेक बाइट सरकत जुळणारे तुकडे शोधते. झटपट खूण जुळली तरच खात्रीची तपासायची. जुळलेल्या तुकड्याचा नुसता क्रमांक जातो, बाकीचा मजकूर जसाच्या तसा. सुरुवातीला चार अक्षरं घुसवल्यानं पुढचं सगळं सरकलं तरी हिशेब चुकत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली खरी बुद्धीची झेप हीच. पुढचं बरंचसं तिचा विस्तार आहे.

विंडोजच्या जगात मात्र हे उशिरा आलं. एका सर्व्हरवरच्या फाइलींची प्रत दुसऱ्यावर आपोआप ठेवणारी (रेप्लिकेशन) विंडोज २००० मधली फाइल रेप्लिकेशन सर्व्हिस पूर्ण फाइलच पाठवायची. नुसत्या परवानग्या बदलल्या तरीही. २००५ च्या अखेरीस आलेल्या विंडोज सर्व्हर २००३ आर२ मध्ये तिच्या जागी डीएफएस रेप्लिकेशन आलं, तेही फरकच पाठवणारं. त्यात शाखेचा डेटा केंद्रावर गोळा करण्यासाठी वेगळा पर्यायच दिला होता. शाखेतली टेप काढून टाका, बॅकअप केंद्रावर घ्या, असा त्याचा सरळ अर्थ.

इथंच अनेकांची गल्लत झाली. केंद्रावर प्रत आली म्हणजे बॅकअप झाला, असं धरलं गेलं. पण शाखेत चुकून पुसलेली फाइल काही क्षणांत केंद्रावरूनही जाते. पुसलेल्या फाइलींसाठी डीएफएसमध्ये राखीव फोल्डर असतो खरा, पण तो भरला की जुन्या फाइली काढून टाकल्या जातात. उघडी फाइल बंद होईपर्यंत पुढं सरकत नाही, त्यामुळे दिवसभर चालू राहणाऱ्या डेटाबेसला ही सोय निरुपयोगी. २०१३ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा क्रिप्टोलॉकर हा व्हायरस पसरला, तेव्हाचा धोका तर उघडच होता: कुलूपबंद झालेली फाइल ही रेप्लिकेशनच्या लेखी फक्त बदललेली फाइल. टेप बावळट होती, पण कपाटात ठेवलेल्या कालच्या टेपला आजची चूक पोहोचत नसे. म्हणून केंद्रावरच्या प्रतीचा, जुन्या आवृत्त्या राखणारा वेगळा बॅकअप घेणं टळलं नाही.

फरक पाठवायचा तर आधी पलीकडे काहीतरी असावं लागतं. त्यामुळे डेटा मोठा आणि लाइन बारीक असली, की पहिली प्रत अजूनही डिस्कवर भरून गाडीनं केंद्राकडे पाठवतात.