बोअरच्या पाण्यात फेस का फाटतो

लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. तिथले मामा बदामाएवढं दाढीचं क्रीम गालावर ठेवतात, ब्रश पाण्यात बुडवतात आणि लगेच खाली दोन झटके देतात. फरशीवर शिंतोडेच शिंतोडे. एकदा विचारलं, एवढं पाणी घेऊन परत सांडता कशाला? म्हणाले, "सर, बोअरचं पाणी हे. जास्त घेतलं की फेस फाटतोय बघा."

फाटणं हा शब्द अगदी नेमका होता, कारण घरी माझ्या वाटीत रोज तेच होत होतं. वर चार मोठे बुडबुडे, खाली नासलेल्या दुधासारखं कणीदार पाणी. ब्रश मात्र मी ऑनलाइन मागवलेला, बिज्जूच्या (इंग्रजीत बॅजर) केसांचा, चांगला महागाचा. मामांचा साधा प्लॅस्टिकच्या धाग्यांचा. तरी घट्ट फेस त्यांचाच. तीन आठवडे मी क्रीमला शिव्या घातल्या आणि मग कागदावर हिशेब मांडायला बसलो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर बसलेला आहे. हा दगड झिजताना त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतं. असं जड पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. डाळ लवकर शिजत नाही, तोटीवर पांढरा थर चढतो आणि कपड्याला साबण घासून घासून हात दुखतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा.

आता क्रीम. दाढीचं पारंपरिक क्रीम म्हणजे मुळात साबणच. स्टिअरिक आम्लासारख्या स्निग्धाम्लांचा बहुतांशी पोटॅशियमचा साबण, म्हणून मऊ. सोडियमचा साबण कडक होतो, त्याच्या वड्या पडतात. जड पाण्यातला कॅल्शियमचा एक कण साबणाचे दोन रेणू धरून बसतो आणि त्यांचा न विरघळणारा चिकट साका होतो. नुकसान इथंच थांबत नाही. हा साका पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे त्याचे कण बुडबुड्याच्या पातळ पडद्यात घुसले की पडदा तिथंच फुटतो. म्हणजे साबण कमी झाला तो झालाच, वर उरलेल्या साबणाचा फेसही मोडला.

हिशेब असा. ६०० मिलिग्रॅम जडपणाचं एक लिटर पाणी साधारण साडेतीन ग्रॅम साबण गिळतं. बदामाएवढं क्रीम एक ग्रॅम धरा, त्यातला साबण तिसरा हिस्सा, म्हणजे ३३० मिलिग्रॅमच्या आसपास. ब्रशनं १० मिली पाणी आणलं तर ३५ मिलिग्रॅम साबण वाया जातो. ते खपून जातं. पण ओथंबलेला ब्रश पुन्हा पुन्हा मगात बुडवून ३० मिली पाणी घातलं, तर शंभरावर मिलिग्रॅम गेला. जवळजवळ एक तृतीयांश साबण गालाला लागायच्या आधीच साका होऊन बसला.

खात्री करायला औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणली. दोन वाट्या, दोन्हीत सारखंच क्रीम. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाळ्यात पागोळीखाली धरून ठेवलेलं. दहा-दहा मिलीत दोन्ही फेस जवळपास सारखेच उभे राहिले. तीस-तीस मिलीत पागोळीच्या पाण्याचा फेस पातळ झाला पण टिकला. बोअरचा माझ्या डोळ्यांदेखत बसला. (अनेक क्रीममध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते खेकड्याच्या नांगीसारखं कॅल्शियमला पकडून ठेवतं. वेष्टनावर ते नाव दिसलं तर आपल्याकडच्या पाण्याला बरं.)

म्हणजे ब्रश निवडताना पहिला प्रश्न केस किती भारी हा नाही, तो स्वतःहून किती पाणी उचलून आणतो हा आहे. कडक वडीवरून साबण खरवडायचा असेल तर ब्रशाला ताठपणा लागतो. क्रीम आधीच मऊ आहे. तिथं ब्रशाचं काम म्हणजे मोजकं पाणी आणणं, हवा घुसळून बुडबुडे बारीक करणं आणि दाढीचे खुंट उभे करणं. त्याला मऊ टोकांचा, जरा लवचिक झुबका पुरतो.

बिज्जूचा ब्रश पाणी धरण्यात पटाईत. पाणी केसांच्या आत फारसं नाही, केसांमधल्या बारीक फटींत केशाकर्षणानं अडकतं, आणि झुबका दाबला की भसकन सुटतं. माझ्या वाटीत नेमकं हेच होत होतं. हलकं पाणी असलेल्या गावात हा गुण ठरतो, आमच्याकडे तो अवगुण. हे केस बहुतेक चीनमधून येतात. आपल्याकडचं चांदी अस्वल हे बिज्जूच्याच कुळातलं, आणि त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे.

डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त आणि ताठ. केस स्वतःच पाणी पितात, म्हणून आधी भिजत घालावा लागतो. वापरता वापरता टोकं दुभंगतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तो मऊ पडतो. वडीच्या साबणाला उत्तम. क्रीमला मला तो विनाकारण वाटतो. दुकानात "नॅचरल" एवढंच सांगतात. ज्यांना डुकराचा केस चालत नाही त्यांनी स्पष्ट विचारून घ्यावं.

विचारूनही खरं कळेल असं नाही, म्हणून एक युक्ती. झुबक्यातून गळलेला एक केस चिमट्यात धरून काडी लावा. प्राण्याचा असेल तर चुरचुरत जळून त्याची राख होते आणि केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो. तो केसातल्या केराटिन नावाच्या प्रथिनातल्या गंधकाचा. नायलॉन असेल तर वितळून टोकाला टणक गोळी होते.

कृत्रिम धाग्यांबद्दल जुन्या लोकांचं मत वाईट आहे, आणि त्यात तथ्य होतं. नायलॉनचे धागे १९३८ साली अमेरिकेत दात घासायच्या ब्रशात आले. पुढं दाढीच्या ब्रशातही तसेच जाड, टोकाला बोथट धागे आले आणि ते गालाला टोचायचे. आताचे धागे बारीक असतात, टोकाकडे निमुळते होत जातात. ते पाणी जवळपास पीत नाहीत, भिजत घालावे लागत नाहीत, आणि दोन झटक्यांत जवळजवळ कोरडे. क्रीम आणि जड पाणी या जोडीला माझं मत यांनाच. झुबका बुडाशी २० ते २४ मिलिमीटर, उंची ५० च्या आसपास. मूठ साबणाच्या हातातून निसटू नये, बाकी रंगरूप तुमच्या हौसेवर.

प्राण्याच्या केसांचा बिननावाचा ब्रश मी घेत नाही, त्याला एक जुनं कारणही आहे. पहिल्या महायुद्धात गॅसचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून सैनिकांना दाढी गुळगुळीत ठेवावी लागे. ब्रशांची मागणी वाढली, आणि घोड्याचे केस रंगवून बिज्जूचे म्हणून विकले गेले. नीट निर्जंतुक न केलेल्या त्या केसांत अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. हा आपल्या गुरांना होणारा काळपुळीचा रोग. ब्लेडनं कापलेल्या जागेतून तो माणसांत शिरला, काही जण दगावलेही. आता केस निर्जंतुक करतात. पण ज्याच्यावर कारखान्याचं नावच नाही, त्याच्याबद्दल कुणी काय सांगावं?

पाणी कमी घ्यायचं ते फेसात, चेहऱ्यावर नाही. कोरडा खुंट चिवट असतो. पाणी शिरलं की केराटिनमधले हायड्रोजन बंध सैल होतात, केस फुगतो आणि पात्याला सहज सोडतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, कोमट पाण्यानं काम लवकर होतं. केसाला भिजायला पाणी जड की हलकं याचं सोयरसुतक नसतं. तेव्हा तोंड बोअरच्या पाण्यानं सढळ धुवा, क्रीममध्ये मात्र थेंब मोजून घाला. सढळ म्हणजे तांब्याभर, बरं का. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात एका तांब्यात दाढी उरकायची सवय लागली ती अजून सुटलेली नाही.

माझा महागाचा ब्रश मी टाकला नाही. त्याच्या बुडाशी साक्याचं पांढरं राखट कडं बसलं होतं, केस एकमेकांना चिकटलेले. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवून ठेवला, मग शाम्पूनं धुतला. वाटीच्या तळाशी पांढरट चोथा उतरला. आता तो घरात झटकूनच वापरतो. बायको म्हणते, आरशावर शिंतोडे उडतात, ते वाळले की पांढरे डाग राहतात. तेही कॅल्शियमच.